रविवारी नळ येतात तेव्हा

मोबाईलमध्ये बायबल आलं ते एका अर्थी बरंच झालं. मोठ्या अक्षरांचं जाडजूड पुस्तक पिशवीत घालून न्यायची दगदग वाचली. आमच्या चर्चच्या मंडळीत निम्मी माणसं आता शास्त्रपाठ फोनवरच वाचतात. पाळकसाहेबांनी 'योहान, अध्याय चार' म्हटलं की बाकाबाकांवर अंगठे चालू होतात. अडचण एवढीच की त्याच काचेवर वरून काही ना काही टपकत असतं. कोणाच्या लग्नाची पत्रिका, हप्त्याची आठवण, कोणाच्या नातवाचा वाढदिवस. आणि उन्हाळा असेल तर आमच्या जालन्यात या सगळ्यांना मागे सारणारे दोन शब्द गल्लीच्या ग्रुपवर येतात : नळ आले.

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना हे समजावणं कठीण आहे. जायकवाडीचं असो की घाणेवाडीच्या तलावाचं, उन्हाळ्यात पाणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने यायचं, तेही तास-दीड तास. कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि कधी नेमकं इतरांसाठी मागायच्या, मध्यस्थीच्या प्रार्थनेत. मग मागच्या बाकावरची एखादी बाई डोक्यावरचा पदर सावरत हळूच उठते. दुसरी तिच्याकडे बघते. तिसरी पुरुषांच्या बाजूला बसलेल्या नवऱ्याला खुणावते, तो डोळे मिटून बसलेला असतो, म्हणजे मिटल्यासारखे करून. दाराचं बिजागर कुरकुरतं. पाळकसाहेब पूर्वी क्षणभर थांबायचे. आता थांबत नाहीत. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या लेकरांसाठी, राज्यकर्त्यांसाठी मागून झालं की 'आणि जे कामासाठी बाहेर गेले आहेत त्यांच्यासाठी' एवढं जोडतात. यात टोमणा आहे की माया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रार्थनेत मन लागत नाही, ही आमच्या महिला मंडळातली जुनी तक्रार. त्यावरचा सल्लाही जुनाच : पहाटे उठा, फोन लांब ठेवा, शांत वेळ काढा. सल्ला खोटा नाही. मार्काने लिहिलेल्या येशूचरित्राच्या पहिल्याच अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पण हा दाखला देणारे पुढची ओळ क्वचितच वाचतात. त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला हुडकत तिथे जाऊन पोचतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधतायत. फोन नव्हते, ग्रुप नव्हते, तरी ही गत! येशू त्यांच्यावर चिडत नाही. पण मुकाट्याने त्यांच्यामागे परतही जात नाही. चला, आजूबाजूच्या गावांत जाऊ, तिथेही सांगायचं आहे, असं म्हणतो. कोणत्या हाकेला ओ द्यायची आणि कोणती सोडायची हे त्या पहाटेच्या वेळात त्याचं ठरलं असावं, असं मला वाटतं. शांत वेळेचा उपयोग असला तर हा. नुसती शांतता काय, लाईट गेली की आमच्याकडे आपोआपच होते.

या विषयावर प्रवचन आलं की येशू ज्यांच्या घरी उतरला त्या दोघी बहिणी, मार्था आणि मरीया, आल्याच. मरीया पायाशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकघरात राबते, आणि बोलणी मार्थेला बसतात. हे प्रवचन देणाऱ्यांचं त्या दिवशीचं जेवण कुठल्या तरी मार्थेनेच केलेलं असतं, हे जाता जाता सांगून ठेवते. लूकने लिहिलेलं नीट वाचलं तर येशू तिला चूल विझव म्हणत नाही. फार गोष्टींची काळजी करून तू जिवाला त्रास करून घेतेस, एवढंच त्याचं म्हणणं. आणि लोक मार्थेला तिथेच सोडून देतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ लाजर वारल्यावर येशू येतोय असं कळताच उठून त्याला सामोरी जाते ती मार्था. तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस, असं स्पष्ट बोलून दाखवते तीही मार्थाच. पुढच्या अध्यायात बेथानीत पुन्हा जेवणावळ होते, आणि तिथे वाढायला कोण आहे? मार्था. काम तिने सोडलेलं नाही. कुरकूर मात्र त्या वेळी ऐकू येत नाही.

आमच्या सासूबाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं. त्या भाकरी करायला बसल्या की गाणं सुरू व्हायचं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून परातीत गोळा थापायच्या, थापण्याचा ठेका आणि गाण्याचा ठेका एक. भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवताना कडवं थांबायचं, उलटून झाली की पुढची ओळ. मधे कोणी मीठ कुठे आहे विचारलं तर उत्तर द्यायच्या आणि गाणं जिथे सुटलं तिथूनच उचलायच्या. गाणी बहुतेक रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ताचं गाणं अभंगाच्या, ओवीच्या वळणावर आणलं. त्याआधीची बरीचशी गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, साहेबाच्या चालीवर बसवलेली. ती म्हणायला पुस्तक लागतं, उभं राहावं लागतं, पेटीवाला तयारीचा असावा लागतो. अभंगाला यातलं काही लागत नाही. जात्यावर, चुलीपुढे, खुरपणीत म्हणत आलेल्या बायकांची ती चाल. हात कामात असताना तोंडात राहणं हा तिचा स्वभावच आहे. टिळकांबद्दल पुष्कळ मोठंमोठं लिहिलं जातं, पण राबणाऱ्या बाईची भक्ती त्यांनी सोपी केली, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं.

मला गाता येत नाही, म्हणून मी नहेम्या धरला आहे. हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेचा तट पडलाय हे कळल्यापासून तो खिन्न आहे. राजा विचारतो, तुझं तोंड का उतरलंय, तुला काय पाहिजे? समोर राजा, राणी शेजारी बसलेली, उत्तर तर ताबडतोब द्यायचं. नहेम्या लिहितो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि राजाला म्हणालो. एवढंच. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास मावतो तेवढी प्रार्थना. त्याआधी त्याने उपास करून, रडून, दिवसचे दिवस प्रार्थना केली होती हेही खरं. त्या शिदोरीवरच ही एका श्वासाची निभली. पण शाळेत साहेब अचानक तपासणीला येतात, वर्गात दोन पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात, तेव्हा मला आधार वाटतो तो नहेम्याचाच.

याचा अर्थ सगळे व्यत्यय सारखेच, असं नाही. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकलीय म्हणून येशू घाईने निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली बाई त्याच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो. तिला शोधून काढतो, तिचं सगळं ऐकून घेतो. याईराच्या जिवाचं काय झालं असेल! तिथे दुसऱ्या टोकाला एक माणूस होतं, म्हणून तो थांबला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपण व्हिडिओमागून व्हिडिओ सरकवतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला असतो फक्त पुढचा व्हिडिओ. दाराशी आलेल्या शेजारणीला 'आता प्रार्थना चाललीय' म्हणून परत पाठवणारी आणि त्या व्हिडिओंना मात्र नकार न देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या एकाग्रतेचं मला फारसं कौतुक नाही.

आमच्या शेजारच्या काकू माळकरी. नाथषष्ठीला त्या पैठणला जातात तेव्हा त्यांच्या नळाची जबाबदारी आमच्याकडे. रविवारी आम्ही उपासनेला गेलो की आमची त्यांच्याकडे. किल्ली त्यांच्या कोनाड्यातच असते. 'तुम्ही जा देवाकडं, पाण्याचं मी बघते,' असं म्हणतात, आणि खरोखर मोटर लावून, ड्रम भरून, वर झाकण ठेवून जातात. त्यामुळे ग्रुपवर ते दोन शब्द आले तरी मी बाकावर बसून राहू शकते. माझं लक्ष लागतं त्याचं बरंचसं श्रेय त्यांना आहे. मंडळीत हे अजून मोठ्याने बोललेले नाही.

आमच्या भागात पाणी आणि वचन यांचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली आणि तिला बेथेल नाव दिलं. बायबलमधल्या मूळच्या बेथेलात इस्राएलांचा पूर्वज याकोब दगड उशाला घेऊन झोपला होता, घरून पळून निघालेला, दमलेला. देव इथे आहे आणि मला ठाऊकच नव्हतं, असं तो जागा झाल्यावर म्हणाला. त्याच याकोबाच्या नावाची विहीर योहानाच्या चौथ्या अध्यायात सूखार गावाजवळ आहे. भर दुपारी शोमरोन प्रांतातली एक बाई तिथे पाण्याला येते. भक्तीला आलेली नाही, पाण्यालाच आलेली आहे. बोलणंही येशूच काढतो, आणि तेही पाण्यावरून : मला प्यायला दे. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात धावते.

घागर टाकून! मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईने हे वाचताना थबकलंच पाहिजे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात भरायला आणलेली घागर कोणी टाकून जात नाही. तिचं पुढे काय झालं, योहान सांगत नाही. शिष्यांनी भरून ठेवली असेल असं मला वाटत नाही, ते जेवणाच्या चर्चेत होते. आमच्या काकू तिथे असत्या तर घागर काठोकाठ भरून तिच्या दारात नेऊन ठेवली असती, आणि ती परत आल्यावर विचारलं असतं, 'काय गं माय, एवढं कोण भेटलं होतं?'