सहावी फेरी : फायर अँटचं एक खरं घर सापडलं

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या इप्सविचच्या बाजूची आमची गल्ली, पाच घरं, महिन्यातून एक रविवार फायर अँट शोधायची फेरी. फायर अँट ही बाहेरून आलेली, डंख मारणारी तांबडी मुंगी 2001 मध्ये ब्रिस्बेनमध्ये पहिल्यांदा सापडली, अजून हटलेली नाही. आजवर अकरा संशय सरकारला कळवले, दहा फुसके निघाले. अकरावा या महिन्यातला.

पहिल्या फेऱ्यांत मी रंगाला भुललो. तांबूस दिसली की काढ फोटो. आता मापं बघतो. आमच्या अंगणात कोस्टल ब्राउन अँट ही दुसरीच मुंगी बक्कळ. तिच्यात दोनच मापं, बारक्या कामकरी आणि थोराड डोक्याचे शिपाई. फायर अँटच्या एकाच घरात 2 मिलिमीटरपासून 6 पर्यंत सगळी मापं, प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या पोरांसारखी. आमिषाचंही तेच. मी आधी साखरपाण्याचा बोळा ठेवायचो. हिचा ओढा तेलाकडे आणि मांसाकडे. म्हणूनच सरकारी औषध सोयाबीनच्या तेलात भिजवलेल्या मक्याच्या कण्यांवर असतं. आता सॉसेजची चकती ठेवतो. (शाकाहारी घरांतही मीच ठेवतो, आतापर्यंत कोणी कुरकुरलेलं नाही.)

या वेळी पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. काकूंच्या मागच्या नळाशी मातीचा ढीग, चाळलेल्या रव्यासारखा भुसभुशीत, आणि वर एकही भोक नाही. लांब काडीचं टोक खुपसलं नि मागे सरलो. डोळ्यांदेखत काडी तांबडी झाली. ती काँक्रीटवर टाकली, शेजारी नाणं ठेवलं, फोटो काढले.

काकू पातेलं घेऊन तयार. "उकळतं पाणी ओत रे, मरतील मेल्या!"

"काकू, नको. राणी खोल असते. वरच्या मरतील, ती बिऱ्हाड हलवेल."

त्याच दिवशी कळवलं. इथे 24 तासांच्या आत कळवावंच लागतं. बुधवारी माणसं आली, खात्री केली, लांब नळीनं मुंग्यांच्या घरात औषध सोडलं.

जाताना त्यांनी विचारलं, इथली माती, कुंड्या कुठे गेल्या का? काकूंचा चेहरा उतरला. गेल्याच महिन्यात त्यांनी कढीपत्त्याची पाच रोपं वाटली होती. कुंडीतल्या मातीतून मुंग्यांचं आख्खं घर प्रवास करतं. तीन दिवस फोन लावतोय. चार कुंड्या सापडल्या, चारही स्वच्छ. पाचवी कोणी नेली, ते काकूंना अजून आठवत नाहीये.