पाच मुलगे असून वंश बुडाला कसा?

लंडनला आलेल्या पाहुण्यांना मी टेम्पल चर्चमध्ये नेतेच. तिथे फरशीवर दगडी सरदार उताणे निजलेत. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात छत कोसळून त्यांची बरीच मोडतोड झाली. त्यातल्या विल्यम मार्शल या मध्ययुगीन इंग्लिश सरदाराची गोष्ट सांगून झाली की हमखास प्रश्न येतो, "पाच मुलगे होते, मग वंश बुडाला कसा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मार्शल धाकट्या मुलांपैकी, वाट्याला जहागीर नाही. ११५२मध्ये बापाने त्याला इंग्लंडच्या स्टीफन राजाकडे ओलीस दिलं आणि खुशाल शब्द मोडला. पोराला फाशी देऊ म्हटल्यावर म्हणाला, याहून चांगले मुलगे घडवायला हातोडा आणि ऐरण आहे माझ्याकडे! राजाला मात्र धीर झाला नाही. तंबूत तो त्या पाचेक वर्षांच्या पोराशी रानकाड्यांची लुटुपुटूची लढाई खेळत बसला. हा प्रसंग सांगताना माझा गळा अजून दाटतो.

पुढे तलवारीच्या जोरावर तो वर आला, पण खरी दौलत आली ती ११८९मध्ये, बायकोच्या पावलांनी. इझाबेल द क्लेअर ही आयर्लंड आणि वेल्समधल्या मोठ्या वतनाची वारस. दहा मुलं झाली: पाच मुलगे, पाच मुली. सत्तरीत मार्शलने बालराजा हेन्री तिसऱ्याचा कारभार सांभाळला, १२१७ला लिंकनची लढाई जिंकली आणि १२१९ला गेला.

मुलगे एकामागून एक अर्ल, म्हणजे बड्या किताबाचे सरदार, झाले आणि औरस संततीविना गेले. रिचर्ड आयर्लंडमध्ये जखमांनी, गिल्बर्ट १२४१ला खेळाच्या झुंजीत घोड्यावरून पडून. शेवटचे दोघे १२४५ सालीच. लोक म्हणत, एका आयरिश बिशपची जमीन बळकावली, त्याचा तळतळाट. मला ते पटत नाही.

आणि बुडालं काय? नाव. वतन पाच लेकींच्या वंशात वाटलं गेलं. मार्शलपदाची, म्हणजे घराण्याकडच्या दरबारी हुद्द्याची, काठी १२४६मध्ये थोरली लेक मॉड हिच्या हाती आली. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा दुसऱ्या लेकीच्या, इझाबेलच्या, लेकीचा नातू.

मुलाने लिहवून घेतलेल्या काव्यचरित्रात मार्शलचं आजारपण आहे. मरणाच्या दारात त्याला गावंसं वाटलं. लोकांनी सुचवलं, लेकींना बोलवा. मॉड गायली. मग धाकटी जोन लाजत, चाचरत गाऊ लागली. बापाने तिला थांबवलं आणि कसं गायचं ते शिकवलं.