पाच वाजले की आजी निघतात
आज दुपारपासून कोथरूडला मावशी राहते त्या केअर होममध्ये होते, साधा बंगलाच आहे, मोजकेच आजीआजोबा. पाच वाजले की शेजारच्या बेडवरच्या आजी पिशवी भरून दाराशी, मुलं शाळेतून आली असतील म्हणतात. डिमेन्शियात, म्हणजे स्मृती आणि भान हरवत जाण्याच्या आजारात, संध्याकाळी अशी घालमेल बऱ्याच जणांची वाढते. तिथली ताई त्यांना खोटं पाडत नाही, चहा घेऊ मग निघू म्हणते, लाइट लावते, मेथी निवडायला बसवते आणि थोड्या वेळात आजी शांत!! पलीकडे अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलायची, बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून, रात्रीसुद्धा. म्हातारपणी तहान कमी लागते म्हणून न मागता हातात पाण्याचा ग्लास. आणि हे सगळं करणाऱ्या ह्या मुलींचा पगार ऐकून खूप वाईट वाटलं हो, आपण फीमध्ये घासाघीस करतो ती शेवटी ह्यांच्याच पगारातून जाते.