टच अँड गो चहा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासात एक झेरॉक्स हातात पडली. टॉस-अप, टच अँड गो, ऑन द फेन्स, अप इन दि एअर, नेक अँड नेक. पाचही शब्दांपुढे अर्थ एकच: 'अनिश्चित'. फी भरलेली, म्हणून रायबंदरहून चोडणला येताना फेरीबोटीत उभ्याउभ्या सगळं घोकलं.

चोडणला आमच्या शेजारी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई राहतात. सराव त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, चहा की कॉफी? मी ठसक्यात म्हटलं, "इट्स टच अँड गो." बाई म्हणाल्या, "अरे, माझा चहा पिऊन कोणी मेलेलं नाही अजून!"

टच अँड गो म्हणजे जिवावरचं शेपटावर निभावेल की नाही, अशी धाकधूक. आजी आयसीयूत होती ते दोन दिवस तसे होते. चहा-कॉफीला टॉस-अप, सरळ छापा-काटा. ऑन द फेन्स तर आपलं तळ्यात-मळ्यातच. पण तसा माणूस असतो. गोष्ट अधांतरी राहिली की ती अप इन दि एअर.

मग मी १९६७ चा ओपिनियन पोल काढला, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, यावरचा कौल. आजोबांनी विलीनीकरणाच्या फुलाला मत दिलं होतं, घरात अजून निघतो तो विषय. फुलाला १,३८,१७० मतं, संघप्रदेशाच्या दोन पानांना १,७२,१९१. मी म्हटलं, नेक अँड नेक! बाईंनी कागदावर वजाबाकी केली, ३४,०२१. "घोड्यांच्या माना बरोबरीत धावतात, तेव्हा म्हणायचं ते. इथं एक घोडा बराच पुढं गेलाय." पण मोजणी संपेपर्यंत कोण जिंकणार ते कोणी छातीठोक सांगेना, असं आजोबा म्हणायचे. बाईंच्या मते, त्या दिवसांपुरतं टॉस-अप चालेल.

परीक्षेत बोलायच्या विषयाचं कार्ड आलं: घ्यायला अवघड गेलेला निर्णय. विचाराला एक मिनिट. मी दुबईची नोकरी की इथंच राहायचं, ते सांगितलं. टॉस-अप एकदाच वापरलं, तेही नीट जागेवर. टच अँड गोला हात लावला नाही.

परीक्षकाने विचारलं, मग काय ठरलं?

"स्टिल अप इन दि एअर," मी म्हटलं. ते खरंच होतं. दुबईवाल्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.