शे पा : पुस्तकाबाहेरची फ्रेंच आणि घरातली अहिराणी

जळगाव स्थानकाच्या फलाटावर काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक वयस्कर फ्रेंच दांपत्य अजिंठ्याला जाण्यासाठी गाडीची चौकशी करत उभे होते. अजिंठा पाहायला येणारे अनेक परदेशी पर्यटक इथे उतरतात आणि पुढचे साठ किलोमीटर रस्त्याने जातात, त्यामुळे त्यात नवल काही नव्हते. पुण्यात चार वर्षे फ्रेंच शिकून, देल्फ परीक्षेची बी २ पातळी उत्तीर्ण होऊन मी नुकतीच गावी परतले होते, म्हणून सहज कान देऊन ऐकू लागले. नवऱ्याने काहीतरी विचारले आणि बाई म्हणाल्या, ‘शे पा, म्वा. ता का ल्वी दमांदे.’ यातला एकही शब्द मला ओळखता आला नाही. त्या एवढेच म्हणत होत्या, की मला काय माहीत, तूच विचार ना त्याला. हेच वाक्य कागदावर पूर्ण लिहून दिले असते तर पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही कळले असते.

मी पुढे होऊन ‘मी आपल्याला साहाय्य करू शकते का’ अशा धाटणीचे शुद्ध फ्रेंच वाक्य बोलले आणि त्यांना गाडी मिळवून दिली. निघताना बाई प्रेमाने म्हणाल्या, की तुम्ही अगदी पुस्तकासारखे बोलता. फ्रेंचमध्ये हा रूढ वाक्प्रचारच आहे आणि त्यांनी तो कौतुकानेच वापरला होता, परंतु त्या दिवसापासून पुस्तकाबाहेरची फ्रेंच शिकायची असे मी ठरवले. आज घरी शिकवण्या घेताना मी हा भाग वगळत नाही.

सुरुवात शब्दांपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलीतले निम्मे अवघडपण शब्दांत नसून जोडाक्षरांसारख्या एकमेकांत मिसळलेल्या उच्चारांत असते. ‘ज न से पा’ म्हणजे मला माहीत नाही. ते बोलताना आधी ‘ज से पा’ होते आणि मग ‘शे पा’. ‘त्यु आ’चे ‘ता’ होते, ‘ज स्वी’चे ‘श्वी’ होते, ‘इल न्या पा’ म्हणजे ‘नाही’ या अर्थाच्या शब्दसमूहाचे नुसते ‘या पा’ उरते. ‘आम्ही’साठी शिकवलेले ‘नू’ हे सर्वनाम गप्पांत जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याच्या जागी ‘ओं’ येते आणि क्रियापद एकवचनी होते.

नकारातला ‘न’ गळतो तो आळसाने, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्यामागे मोठा इतिहास आहे. जुन्या फ्रेंचमध्ये नकाराचे काम एकटा ‘न’ करत असे. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘मी चालत नाही’ यावर जोर देण्यासाठी ‘मी पाऊलभरही चालत नाही’ असे म्हटले जाई. हळूहळू हे पाऊल चालण्यापुरते न राहता प्रत्येक नकाराला चिकटले, नकाराचा सगळा भार त्याच्यावर आला आणि मूळचा ‘न’ बोलण्यात नकोसा झाला. लेखनात तो आजही सक्तीचा आहे. म्हणजे बोलीने नियम मोडलेला नाही. लेखन जिथे थांबले तिथून बोली पुढे गेली आहे.

हे मला पटायला खानदेशात वाढल्याचा उपयोग झाला. आमच्या घरी अहिराणी बोलत आणि शाळेत मराठी. उंबरठा ओलांडला की भाषा आपोआप बदलत असे आणि त्याची वेगळी शिकवणी कोणी घेतली नव्हती. ‘काय करी ऱ्हायनी व माय?’ असे आजी विचारी, त्यात जी जवळीक होती ती ‘काय करत आहेस?’ या वाक्यात कधी उतरली नाही. तरीही मास्तरांशी कोणी अहिराणीत बोलत नसे. ज्या जिल्ह्यात बहिणाबाई चौधरींनी लिहिता-वाचता येत नसताना आपल्या बोलीत ओव्या रचल्या, तिथल्या माणसाला बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे हे समजावून सांगावे लागू नये. माझ्या विद्यार्थ्यांना ‘शे पा’ एकदाच सांगावे लागते, कारण अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’ आणि तो ध्वनी त्यांच्या कानाला घरचा वाटतो. योगायोगच आहे, पण उपयोगाचा.

शब्दांकडे वळल्यावर सर्वांत आनंद देतो तो ‘व्हेर्लां’ हा प्रकार. ‘लांव्हेर’ म्हणजे उलटे. त्यातली अक्षरे उलटी केली की ‘व्हेर्लां’ होते, म्हणजे नावातच कृती आहे. विचित्र या अर्थाच्या ‘बिझार’चे ‘झार्बी’, संशयास्पद या अर्थाच्या ‘लूश’चे ‘शलू’, वेडा या अर्थाच्या ‘फू’चे ‘उफ’, स्त्री या अर्थाच्या ‘फाम’चे ‘मफ’. उलटा केलेला शब्द फार रुळला, की तो पुन्हा उलटला जातो, कारण सगळ्यांना कळू लागलेली गुपित भाषा गुपित राहत नाही. याहूनही जुनी पॅरिसच्या खाटिकांची एकोणिसाव्या शतकातली भाषा आहे. शब्दाचे पहिले व्यंजन उचलून शेवटी न्यायचे, त्याच्या जागी ‘ल’ बसवायचा आणि शेवटी एखादे शेपूट जोडायचे. खाटिक म्हणजे ‘बूशे’, त्याचे झाले ‘लूशेबेम’. हे वाचले तेव्हा मी थबकले, कारण आम्ही लहानपणी अंगणात बसून मोठ्यांना कळू नये म्हणून जी ‘च’ची भाषा बोलत असू, तिचा नियम जवळजवळ हाच होता, फक्त व्यंजनाऐवजी पूर्ण अक्षर शेवटी जाई आणि शेपूट नसे: मला म्हणजे ‘चलाम’, पाणी म्हणजे ‘चणीपा’. आम्ही ‘च’ लावत होतो आणि ते ‘ल’ लावत होते.

काही शब्द तर आपल्याकडूनच गेल्यासारखे वाटतात आणि त्यात तथ्यही आहे. युरोपातल्या रोमा लोकांची रोमानी भाषा ही मराठीसारखीच भारतीय आर्य कुळातली असून तिचे अनेक शब्द फ्रेंच बोलीत शिरले आहेत. चोरणे याला ‘शूराव्हे’ म्हणतात, मारामारीला ‘माराव्ह’ म्हणतात आणि जुन्या गुन्हेगारी बोलीत सुरीला ‘स्युरें’ म्हणत. चोर, मार आणि सुरी हे तीन शब्द पॅरिसच्या गल्लीत भेटावेत, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. अरबीचा वाटा तर याहून मोठा आहे. १८३० साली फ्रान्सने अल्जीरियात पाय रोवले आणि १९६२ पर्यंत ते राज्य टिकले. त्या काळात सैनिकांच्या तोंडून आणि नंतर उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांच्या तोंडून शब्द येत राहिले. डॉक्टरला ‘तूबीब’ म्हणतात, तो उर्दूतला तबीब. आडगावाला ‘ब्लेद’ म्हणतात. आणि एखादी गोष्ट मनापासून आवडणे याला ‘किफे’ म्हणतात, ज्याच्या मुळाशी आपल्या मराठीतही आलेला अरबी ‘कैफ’ आहे.

शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवताना पैशाचे शब्द मी मुद्दाम घेते. पैशाला ‘ब्ले’ म्हणतात, म्हणजे गहू. ‘ओझेय’ म्हणतात, म्हणजे आपल्या आंबट चुक्याच्या जातीची पालेभाजी. आणि खिसा रिकामा असेल तर ‘माझ्याजवळ एक मुळासुद्धा उरला नाही’ असे म्हणतात. पिकाला पैसा समजणे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

मात्र बोली वापरण्याची घाई करू नये, याबद्दल मी कठोर आहे. फ्रेंच शब्दकोशात अनौपचारिक, ग्राम्य आणि अश्लील अशा पायऱ्या शब्दापुढे नोंदलेल्या असतात. त्या नोंदी न पाहता शब्द उचलणे धोक्याचे असते. चुंबन या अर्थाचे एक साधे नाम क्रियापद म्हणून वापरले, की त्याची शिवी होते. ‘तेरिब्ल’ म्हणजे भयंकर, बोलीत तोच शब्द ‘झकास’ या अर्थानेही येतो, आणि ‘पा तेरिब्ल’ म्हणजे ‘भयंकर नाही’ असे नसून ‘यथातथाच’ असे असते. शिवाय ‘त्यु’ आणि ‘वू’, म्हणजे तू आणि तुम्ही, यांचा निर्णय समोरच्या माणसावर सोडावा. ऐकून समजणे पहिल्या दिवसापासून हवे. बोलणे मात्र मैत्री झाल्यावर.

रावेर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याला मी गेल्या महिन्यात ‘आव्वार ला बानान’ हा वाक्प्रचार शिकवला होता. शब्दशः अर्थ ‘केळे असणे’, आणि भावार्थ चेहऱ्यावर मोठे हसू असणे, कारण हसताना ओठ केळ्याच्या आकाराचे होतात. त्याच आठवड्यात बापासाठी असलेला ‘दारों’ हा बोलीतला शब्दही झाला होता. त्याच्या घरची केळीची कापणी चालू होती. एका संध्याकाळी त्याचा संदेश आला: ‘मों पेर आ ला बानान’, म्हणजे माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर मोठे हसू आहे. भाव चांगला मिळाला होता. मी त्याला विचारले, की ‘दारों’ शिकूनही त्याने ‘पेर’ का लिहिले. त्याने लिहिले, ‘मॅडम, मित्रांत म्हणेन. पण बाबांविषयी तुम्हाला सांगताना तसे कसे म्हणू?’