शाळेचं ग्रंथालय शीटवर आणताना

शाळेचं ग्रंथालय संगणकावर आणायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?' माझ्या मते हा प्रश्न निदान वर्षभर बाजूला ठेवावा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर उत्तम आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली ते सुरू झालं, मुक्त स्रोत आहे, मराठी व्यवस्थित दाखवतं. पण त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारं माणूसही लागतं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, पण ते प्रामुख्याने सरकारी ग्रंथालयांसाठी. आपल्याकडे पुण्यातल्या मराठी शाळांमध्ये ग्रंथपाल बहुधा एकट्याच, कधी अर्धवेळ, आणि वर ऑफ तासांची जबाबदारी असतेच. तीन-चार हजार पुस्तकांच्या ग्रंथालयाला गूगल शीट पुरून उरते. एका फाइलमध्ये १ कोटी चौकटी मावतात. शिवाय शीटमध्ये नीट भरलेली माहिती उद्या कोहात नेता येते. कशीतरी भरलेली माहिती कुठेच नेता येत नाही, आणि खरी अडचण सॉफ्टवेअरची नसून तीच आहे.

सुरुवात दाखल नोंदवहीपासून, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहितात त्या वहीपासून करायची. नोंदवहीत जे रकाने आहेत तेच शीटमध्ये आडवे मांडायचे: दाखल क्रमांक, दाखल दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), शेरा. नियम एकच, एक प्रत म्हणजे एक ओळ. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच ओळी. 'प्रती: ५' असा रकाना केला की कोणती प्रत कोणत्या मुलाकडे आहे ते कधीच कळत नाही आणि साठा पडताळणीच्या वेळी सगळं कोसळतं. कागदी नोंदवही मात्र बंद करायची नाही. तपासणीला आणि लेखापरीक्षणाला तीच मागतात. निर्लेखन झालेल्या, म्हणजे ठराव करून रद्द केलेल्या पुस्तकाची ओळही शीटमधून पुसायची नाही, शेऱ्यात ठरावाचा क्रमांक आणि दिनांक लिहायचा.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. एका पुस्तकाला ३ मिनिटं धरली तर ४,००० पुस्तकांना २०० तास होतात. रोज एक तास मिळाला तरी जवळजवळ अख्खं शैक्षणिक वर्ष. म्हणून दाखल क्रमांक १ पासून सुरुवात करू नये. नोंदवहीच्या पहिल्या पानांवरची पुस्तकं बहुतेक वेळा कपाटात वरच्या फळीवर असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. मुलं जी पुस्तकं नेतात ती आधी घ्यावीत. बालसाहित्य, विज्ञान, चरित्रं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं एवढी झाली की देवघेव शीटवर सुरू करता येते. बाकीची पुस्तकं मागून येत राहतात.

रकान्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. आयएसबीएन, वर्गांक आणि दाखल क्रमांक हे तिन्ही रकाने 'प्लेन टेक्स्ट' करून ठेवावेत. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला. एवढी मोठी संख्या एक्सेलसारख्या तक्त्यात संक्षिप्त रूपात दिसू लागते आणि मूळ अंक दिसेनासे होतात. त्याआधीचे १० अंकी आयएसबीएन इंग्रजी पुस्तकांत बरेचदा शून्याने सुरू होतात, ते शून्य गळतं. काहींच्या शेवटी एक्स हे अक्षर असतं. वर्गांकाचंही तसंच आहे. ज्ञानकोशांचा ०३० हा दशांश वर्गांक ३० होऊन बसतो. मराठी साहित्याचा ८९१.४६ टिकतो, पण सुरुवातीला शून्य असलेला वर्गांक टिकत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल, म्हणजे कोणत्या देशाची पद्धत वापरायची ते, 'इंडिया' आहे का हे पाहावं. ते अमेरिकेचं असेल तर ०५/०६ ही ५ जून न राहता ६ मे होते, आणि चूक झाल्याचं कुणाला कळतही नाही. १३/०६ लिहिलं तर शीट त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर समजते. अर्ध्या तारखा डावीकडे आणि अर्ध्या उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर कारण हेच समजावं.

तिसरी गोष्ट, आकडे इंग्रजी अंकांतच भरावेत. मराठीप्रेमाचा प्रश्न इथे येत नाही. देवनागरीत लिहिलेल्या आकड्यांना शीट बहुतेक वेळा मजकूर समजते. मग किमतीची बेरीज होत नाही आणि मुदतीची तारीखही काढता येत नाही.

आता लेखकांच्या नावांकडे येते, कारण सगळ्यात जास्त खबरदारी तिथे लागते. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे', 'पु. ल.देशपांडे' आणि 'देशपांडे, पु. ल.' हे आपल्याला एकच, पण संगणकाला चार वेगळे लेखक आहेत. यावरचा उपाय ग्रंथपालांना आधीपासून ठाऊक आहे, तो म्हणजे प्रमाण नावांची यादी. 'लेखक' नावाचं वेगळं पान करायचं, त्यात प्रत्येक नाव एकदाच लिहायचं, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग एक जागा सोडून आद्याक्षरं. पुस्तकांच्या पानावर 'डेटा व्हॅलिडेशन' लावून नाव या यादीतूनच निवडायचं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर अशा जोड्यांसाठी यादीत 'हेही पाहा' असा दुसरा रकाना ठेवावा. मुलांना कविता हवी असेल तर ती एका नावाने शोधतात, नाटक हवं असेल तर दुसऱ्या.

ही यादी केली तरी दोन छुपे दोष उरतात. पहिला, चंद्र असलेल्या अ चा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, स्वतंत्र आहे, आणि अ लिहून त्यावर वेगळा चंद्र दिला तरी 'अॅ' दिसतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण शोधताना एकाने दुसरं सापडत नाही. 'ॲटम' शोधला की निम्मीच पुस्तकं दिसतात, कारण काही नोंदी मोबाइलवरून झालेल्या असतात आणि काही जुन्या कीबोर्डवरून. 'फाइंड अँड रिप्लेस' उघडून दुसरं रूप पहिल्याने बदलून टाकावं आणि महिन्यातून एकदा हे करावं. दुसरा दोष व्हॉट्सॲपवरून किंवा प्रकाशकाच्या यादीतून चिकटवलेल्या मजकुराचा. त्यात न दिसणारी जोडचिन्हं आणि शेवटी मोकळ्या जागा येतात. शब्द हुबेहूब दिसतो, पण जुळत नाही. मोकळ्या जागा 'ट्रिम' सूत्राने जातात. न दिसणारी चिन्हं पकडायला 'लेन' सूत्र लावावं. यादीतल्या नावाची आणि चिकटवलेल्या नावाची लांबी वेगळी आली तर ते नाव सरळ पुन्हा टंकित करावं. चिकटवतानाही कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरावं. साध्या चिकटवण्याने चौकटीवरचं डेटा व्हॅलिडेशनच पुसलं जाऊ शकतं आणि यादीबाहेरची नावं आत शिरतात.

जुन्या फाइली असतील तर आणखी एक पायरी वाढते. अनेक शाळांमध्ये पुस्तकांची यादी पूर्वी श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये केलेली असते. श्री-लिपी तर आपल्या पुण्याचीच. या फाँटमधला मजकूर शीटमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो, कारण तिथे देवनागरी नुसती दाखवलेली असते, साठवलेली नसते. परिवर्तक (फाँट बदलून देणारं साधन) वापरून युनिकोड करता येतं, पण निकाल न तपासता पुढे जाऊ नये. त्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकित होतो. परिवर्तकाला क्रम उलटवावा लागतो आणि रफार व पहिली वेलांटी एकत्र आली की तो घसरतो. 'वार्षिक', 'आर्थिक', 'मार्मिक', शिवाय 'ऱ्हास', 'सुऱ्या' असे शब्द शोधून पाहावेत. हे नीट उतरले असतील तर बाकीच्यांची काळजी कमी.

बारकोडला खर्च फारसा नाही. गूगलच्या फाँटमध्ये 'लिब्रे बारकोड ३९' मोफत मिळतो. दाखल क्रमांकाच्या आधी आणि नंतर * हे चिन्ह लावायचं आणि तो फाँट द्यायचा, की बारकोड तयार. चांदणी विसरली तर रेघा दिसतात, पण स्कॅनर वाचत नाही. लेबलसाठी ए-फोर आकाराचे ६५ लेबलांचे कागद घ्यावेत, एक लेबल ३८ बाय २१ मिलिमीटर. अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारावं. पाच अंकी क्रमांक त्यात बसतो, मात्र दोन्ही बाजूंना कोरी जागा राहिली पाहिजे. छापताना 'फिट टू पेज' नको, 'ॲक्च्युअल साइज' निवडावा, नाहीतर खालच्या ओळींची लेबलं सरकत जातात. लेझर प्रिंट घ्यावी. इंकजेटची शाई मुलांच्या घामट हातांनी आणि पावसाळी दप्तराने पसरते. लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावली की वर्षानुवर्षं टिकतं.

लेबल मलपृष्ठावर वरच्या बाजूला लावावं. आतल्या पानावर लावलं तर प्रत्येक वेळी पुस्तक उघडावं लागतं आणि ३५ मिनिटांच्या तासाला तेवढी फुरसत नसते. मलपृष्ठावर खाली आयएसबीएनचा बारकोडही असतो, घाईत तोच स्कॅन होतो आणि दाखल क्रमांकाच्या जागी १३ अंक येऊन बसतात. म्हणून त्या रकान्याला पाचपेक्षा जास्त अंक न घेण्याची अट घालावी. स्कॅनर साधा यूएसबीचा चालतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो. संगणकाच्या दृष्टीने स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच, तो अंक टंकित करून एंटर दाबतो. तेव्हा भाषा मराठीवर असेल तर अंक देवनागरीत उमटू शकतात. स्कॅन करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायची सवय लावून घ्यावी.

देवघेवीच्या पानाला पाच रकाने पुरतात: दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत, परत आल्याची तारीख. सभासद क्रमांक म्हणून हजेरीपटातला क्रमांक कधीही घेऊ नये, तो दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला) क्रमांक घ्यावा, तो मूल शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. मुलांना वेगळी कार्डं द्यायची गरज नाही. वर्गवार यादी नावासमोर बारकोड देऊन छापावी आणि टेबलावर ठेवावी. आधी पुस्तक, मग यादीतलं नाव, असे दोन स्कॅन. तारखेसाठी कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ दाबावी. 'टुडे' हे सूत्र टाकू नये, कारण उद्या उघडल्यावर ते उद्याची तारीख दाखवतं आणि कोणतंच पुस्तक कधी उशिरा ठरत नाही. 'टुडे' वापरायचं ते फक्त रंगासाठी: परतीची तारीख रिकामी आणि मुदत आजच्या आधीची, तर ओळ लाल.

पेठांमध्ये गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर काय, हेही ठरलेलं असावं. क्रोममध्ये शीट ऑफलाइन चालते, पण ते ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये आधी सुरू करून ठेवावं लागतं. संगणकच बंद असेल तर छापील तक्त्यावर दोन क्रमांक लिहायचे आणि वीज आल्यावर भरायचे.

यादी पालकांना, मुलांना दाखवायची असेल तर मूळ फाइलची लिंक देऊ नये. लिंक पानापुरती नसते, अख्ख्या फाइलची असते. सभासदांचं पान लपवलं तरी कुणी फाइलची प्रत केली की ते उघडं पडतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि आपल्या शाळेतलं प्रत्येक मूल त्यात येतं. म्हणून वेगळी फाइल करावी, त्यात 'इम्पोर्टरेंज' सूत्राने फक्त शीर्षक, लेखक आणि वर्गांक आणावेत आणि तिची लिंक क्यूआर कोड करून ग्रंथालयाच्या दारावर लावावी. मागणीसाठी गूगल फॉर्म जोडता येतो. शाळेच्या खात्यावरून केलेला फॉर्म पुष्कळदा शाळेच्या खातेदारांपुरताच उघडतो. 'फॉर्म उघडत नाही' अशी तक्रार आली तर आधी ती मर्यादा पाहावी.

वाचनसाहित्यासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर मला सर्वांत उपयोगी वाटतं. मराठी गोष्टी, वाचनाच्या चार पातळ्या, आणि मुक्त परवाना असल्यामुळे छापून वर्गात वाटायलाही हरकत नाही, फक्त श्रेय द्यायचं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. संदर्भासाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोधताना भाषेची चाळणी लावावी, नाहीतर मराठी साहित्य इंग्रजीच्या ढिगाखाली जातं.

व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती मात्र शाळेच्या ड्राइव्हवर ठेवू नयेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून मुक्त आहे. पण नव्या आवृत्तीतली चित्रं आणि प्रस्तावना वेगळ्या व्यक्तींची असतात, त्यांचा हिशेब वेगळा. विकिस्रोतावर असलेला मजकूर घेतला की हा घोळ टळतो.

फाइल कुणाच्याही वैयक्तिक जीमेलवर नको, शाळेच्या खात्यावर हवी. ग्रंथपाल निवृत्त झाल्या किंवा दुसऱ्या शाखेत गेल्या की वैयक्तिक खात्याबरोबर सगळी मेहनत जाते. मालकी आत्ताच बदलून घ्यावी, संपादनाची परवानगी दोघांनाच द्यावी, आणि महिन्याच्या शेवटी एक्सेलची प्रत उतरवून मुख्याध्यापकांच्या संगणकावर ठेवावी.