श्री. सेर्रा नावाचे देणगीदार

पावसाळ्यात आमच्या म्युझियममध्ये दोनच कामं, बुरशी पुसणं आणि बाटल्या भरणं. म्युझियम म्हणजे मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका हां, कॉलेजच्या झूलॉजीच्या मागची लांबट खोली, बारा कपाटं, फॉर्मलिनचा वास, आणि मी म्हणजे क्युरेटर, लॅब असिस्टंट आणि चावीवाला सगळं एकच. खिडक्यांना काचा नाहीत, जुन्या गोव्यातली ती शिंपल्यांची तावदानं आहेत. पोरं कपाटातली शिंपलीची बाटली बघतात आणि पुढे जातात, आणि तीच जात त्यांच्या डोक्यावर खिडकीत शंभराने बसलीय हे कोणाच्या लक्षात येत नाही. चपटी, कागदासारखी पातळ, उजेड आत सोडते म्हणून वापरायचे. जुवारी नदीत चिखलीच्या बाजूला अजून मिळते ती जिवंत. असो, विषय तो नाही.

विषय आहे भिंतीवरच्या करवतीचा. तीन फुटांच्या आसपासची, दोन्ही बाजूंना दात, मुळाशी काळ्या लाकडाच्या फळीत घट्ट बसवलेली. खाली पितळी पट्टी, 'स्वोर्डफिश. देणगी : श्री. पी. सेर्रा.' ही पट्टी मी करवून घेतली होती, सात वर्षांपूर्वी, नवीन लागलो तेव्हा जुनं पोर्तुगीज रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं त्या जोशात. मला पोर्तुगीज येतं ते 'ऑब्रिगाद'पुरतं, म्हणजे धन्यवाद म्हणण्यापुरतं. वस्तू आणि देणाऱ्याचं नाव एकाच ओळीत लिहिलेलं, शाई ओलीने पसरलेली, त्यात मला एक पी आणि पुढे सेर्रा एवढंच नीट दिसलं, मग काय, घातलं देणगीदारांच्या कॉलममध्ये. गॅदरिंगच्या स्मरणिकेतसुद्धा आभार मानले होते सेर्रांचे.

तर गेल्या जुलैत असाच धो धो पाऊस, आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा तिला न्यायला आले आणि अडकले. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. पोर्तुगीज राजवटीत लिसेवपर्यंत, म्हणजे तिथल्या हायस्कूलपर्यंत शिकलेले, मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे, ऐंशी कधीच उलटलेली. मी खुर्ची दिली, चहा मागवला. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "हे सेर्रा कोण रे बाबा?"

"जुने देणगीदार आहेत नाना."

"कागद आहे काही?"

रजिस्टर काढून दिलं. चष्मा पुसला, पान खिडकीच्या उजेडाकडे तिरपं धरलं (हे मला सात वर्षांत सुचलं नव्हतं, तिरपं धरलं की शाई गेली तरी टाकाची रेघ दिसते) आणि मोठ्याने वाचलं, "पेइश सेर्रा." मग असे हसले की खोकला लागला, शिपाई पाणी घेऊन धावला. "अरे पेइश म्हणजे मासो, सेर्रा म्हणजे करवत. करवत मासा! तू माशाचेच आभार मानलेस रे!"

शिपाई इतका हसला की मला त्याचा रागच आला. पण लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. स्वोर्डफिशच्या तलवारीला दात नसतात, हे मला झूलॉजीवाल्याला दिसायला नको होतं का? करवत मासा हा त्या घराण्यातलाच नाही, तो खरं तर पाकटाचा (चपटा रे मासा) भाऊबंद, शरीर शार्कसारखं दिसलं तरी कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला. ती करवत नुसतं हत्यार नाही, तिच्यावर भक्ष्याच्या शरीरातली वीज ओळखणारी सूक्ष्म छिद्रं असतात, म्हणजे गढूळ पाण्यात कोळंबी हलली तरी याला कळतं.

नाना थांबायला तयार नव्हते, पुढचा शब्द वाचला. "बार्रा." हाही मी गावाचं नाव म्हणून टाकला होता. "बार्रा म्हणजे नदीचं तोंड. कुठली नदी ते मात्र..." पुढे कसरीने खाल्लेलं. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ, काहीही असेल. सालाचे शेवटचे दोन आकडेही कसरीच्या पोटात. दोना पावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ ची, त्याआधी आपल्या खाड्यांत काय होतं हे बरंचसं असल्या अर्धवट ओळींतच राहिलंय, म्हणून जास्त चुटपुट लागली.

पाऊस काही थांबेना तेव्हा फळी काढायचं ठरलं. आपल्या किनाऱ्यावरचे करवत मासे मुख्यतः तीन जातींचे, आणि एकीत करवतीचा मुळाकडचा चौथा भाग बिनदाताचा असतो. आमचा नेमका तोच भाग लाकडात. स्क्रू गंजलेले, शिपायाने खोबरेल सोडून अर्धा तास घालवला, आणि लाकूड सुटलं तर आत दात होते, अगदी मुळापर्यंत! म्हणजे ती जात बाद. मग मोजले. डावीकडे एकोणीस, उजवीकडे अठरा. दोन्हीकडे सारखे असायलाच हवेत असं नाही, पण जन्मल्यावर दातांची संख्या वाढत नाही, त्यामुळे मोजणीला अर्थ आहे. दुसरी जात हिरवा करवत मासा, त्याला एका बाजूला तेवीसच्या खाली सहसा नसतात, तोही गेला. उरला तिसरा, मोठ्या दातांचा, आणि हाच तो जो समुद्र सोडून नदीत शिरतो, गोड्या पाण्यापर्यंत. बार्रा! मी नानांकडे बघितलं, ते बिस्कीट चहात बुडवत होते.

फोटो एका माहीतगाराला पाठवलेत, त्याचं उत्तर येईपर्यंत मी 'बहुधा' लावूनच लिहितोय, एकदा तोंड पोळलंय. आमचा शिपाई रांपणकाराच्या (किनाऱ्यावरून रांपण जाळं ओढणाऱ्यांच्या) घरातला, चाळिशीचा, त्याने जिवंत करवत मासा कधीच बघितलेला नाही. करवत असलेला मासा जाळ्यातून सुटणार कसा, दात अडकले की संपलं. नायलॉनची जाळी आली, ट्रॉलर आले. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात नाव गेलं, तोवर दाखवायला भिंतीवरचेच उरले होते म्हणा. जुना नमुना आहे म्हणून वनखात्याला पत्रही करावं लागलं, ते वेगळंच रामायण.

रजिस्टरची एन्ट्री बदलली. देणगीदार : अज्ञात. ठिकाण : नदीमुख, नदी वाचता येत नाही. पट्टी काढली ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नाना परवा बाजारात भेटले, विस्वण (सुरमई) घेत होते, लांबूनच ओरडले, "सेर्राबाब बरे आसात मरे?"